तिथी पाहून रत्नागिरी: माघातले पाच दिवस

रत्नागिरीची सहल आखताना सगळे आधी हॉटेल बघतात, मग गाडीचे तिकीट. त्याच्याही आधी भिंतीवरची दिनदर्शिका काढावी आणि तिथी बघावी. संध्याकाळी भाट्याला किंवा आरे-वाऱ्याला पोचल्यावर पायाखाली अर्धा मैल ओली पुळण मिळणार, की सुरूच्या बुंध्यापर्यंत आलेले पाणी बघत कठड्यावर बसावे लागणार, हे तिथीच ठरवते.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीला तीनाने गुणायचे आणि चाराने भागायचे, की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा: सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला तेवढा पुरतो. अष्टमी-नवमीला आलेले लोक ‘इथला बीच अगदीच लहान’ असे सांगत परततात, त्याचे कारण हे आहे. त्यांची सगळी सूर्यास्ताची वेळ भरतीत जाते.

म्हणून इथली आखणी माघ शुद्ध चतुर्दशीपासून वद्य तृतीयेपर्यंतची आहे. या दिवसांत ओहोटी संध्याकाळी येते, सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, हवा कोरडी असते आणि सड्यावरचे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळपठारावरचे, गवत सुकून कातळ मोकळा झालेला असतो. माघी गणेश जयंतीची गणपतीपुळ्याची रांग आणि रथसप्तमीची कशेळीच्या सूर्यमंदिराची गर्दी, दोन्ही मागे पडलेली असतात. एकच लक्षात ठेवायचे: पौर्णिमेच्या आसपासचे पाणी उधाणाचे असते, भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या सुमाराचे कमी चढउताराचे, नाही. ते जास्त चढते, जास्त उतरते आणि उतरताना जोराने ओढते.

पहिला दिवस, चतुर्दशी

मुंबईहून सकाळची मांडवी एक्स्प्रेस धरली तर दुपारी एक-दीडच्या सुमारास रत्नागिरी येते. उक्षी गेले की करबुडेचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटरचा आहे, तो संपेपर्यंत सामान खाली काढून ठेवावे. बोगद्यानंतर भोके आणि मग रत्नागिरी. स्टेशन शहरात नाही, सहा-सात किलोमीटर आत आहे. बाहेर रिक्षा असतात आणि शहरात जाणारी एसटीही मिळते. रिक्षात बसण्याआधी भाडे ठरवून घ्यावे, कारण ‘शहर’ म्हणजे कुणाला एसटी स्टँड वाटतो, कुणाला मांडवी.

मुक्काम शहरात की गणपतीपुळ्याला, हा नेहमीचा वाद. फक्त दर्शन आणि समुद्र हवा असेल तर पुळे ठीक. उत्तर आणि दक्षिण दोन्ही बाजू बघायच्या असतील तर शहरातच राहावे, नाहीतर दक्षिणेच्या दिवशी पहिले पंचवीस किलोमीटर नुसते रत्नागिरी गाठण्यात जातात.

जेवून तीनला थिबा राजवाडा. सोमवारी तो बंद असतो, त्यामुळे पहिला दिवस सोमवार येत असेल तर आजचे आणि उद्या दुपारचे अदलाबदल करावे. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथला शेवटचा राजा थिबा याला पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. राजवाडा १९१० मध्ये उभा राहिला आणि राजा १९१६ मध्ये इथेच गेला. तीस वर्षांच्या नजरकैदेतली जेमतेम सहा वर्षे त्याच्या वाट्याला हा वाडा आला. तीन मजली इमारत, उतरती छपरे, सागवानी काम, अर्धगोल खिडक्यांना रंगीत काचा. आत संग्रहालय आहे. सगळे मिळून एक तास पुरतो. काचांचे रंग फरशीवर उतरलेले बघायचे तर उतरत्या उन्हाचीच वेळ बरी.

तिथून जवळच थिबा पॉइंट. इथून काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळताना दिसते. आज ओहोटी साडेचार-पाचला आहे, त्यामुळे खाडीच्या मुखाशी वाळूचे पट्टे उघडे पडलेले असतील. ते पट्टे नीट बघून ठेवावेत, उद्या भाट्यावर फिरताना कामाला येतात: पाणी कुठून वाहते आणि कुठे पाय ठेवायचा नाही, ते इथून वरून स्पष्ट कळते.

सूर्यास्त मांडवीवर. ही पुळण काळी आहे. कुणी घाण समजून नाक मुरडते, पण तो रंग इल्मेनाइटसारख्या जड खनिजांचा आहे. खिशात लोहचुंबक असेल तर वाळूत फिरवून बघावा, काही कण चिकटून वर येतात. मुलांना त्यात भेळेइतकीच मजा येते. रत्नदुर्ग किल्ल्याच्या दक्षिणेचा हा काळा समुद्र आणि उत्तरेचा पांढरा समुद्र, अशी इथली वाटणी आहे.

दुसरा दिवस, पौर्णिमा

रत्नदुर्ग सकाळी आठच्या आत गाठावा. शहरापासून चार-पाच किलोमीटर, गाडी पायऱ्यांपर्यंत जाते. किल्ला घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंनी पाणी. एका उंचवट्यावर बालेकिल्ला आणि त्यात भगवतीचे देऊळ, दुसऱ्यावर दीपगृह. बहुतेक लोक देवीचे दर्शन घेऊन, तटावर एक फोटो काढून पंचवीस मिनिटांत खाली उतरतात. निदान रेडे बुरजापर्यंत तरी जावे आणि तटावरून पूर्ण फेरी मारावी. उत्तरेला मिऱ्याचा डोंगर, पायथ्याशी भगवती बंदर आणि मिरकरवाड्याचे बोटींनी भरलेले बंदर, हे सगळे एका नजरेत येते आणि किल्ला इथेच का बांधला ते वेगळे सांगावे लागत नाही. सावली जवळपास नाही. दहानंतर जांभ्याचा दगड तापतो आणि तटावर चालणे नकोसे होते. माणशी एक लिटर पाणी बरोबर असावे. दीपगृह सकाळी बघायला मिळत नाही. ते पाहुण्यांना दुपारनंतर थोडाच वेळ उघडतात, त्यासाठी वेगळी फेरी मारायची की नाही हे आपल्या हौसेवर.

उतरताना मिरकरवाडा. मासे न खाणाऱ्यांनीही लिलाव एकदा बघावा, पण रबरी तळव्याच्या चपला घालून. जमीन ओली असते, बर्फाचे पाणी आणि खवले यांनी घसरते. वाट्यावर विकत घेताना कल्ला उचलून बघावा, लालभडक हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आत गेलेला किंवा दुधाळ नको. अंग बोटाने दाबले की खड्डा लगेच भरून आला पाहिजे. मासे मुंबईला न्यायचे असतील तर आज घेऊ नयेत, शेवटच्या दिवशी पहाटे घ्यावेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ‘ताजी सुरमई’ असा फलक दिसला तर ती बर्फातली समजावी.

झाडगावला कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे मत्स्यालय आहे. काचेच्या टाक्या आहेतच, पण लक्षात राहतो तो देवमाशाचा सांगाडा.

दुपारचे ऊन शहरात काढावे. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर या दोन जागा रिक्षाने तासाभरात होतात. पतितपावन १९३१ मध्ये सर्व जातींना खुले मंदिर म्हणून उभे राहिले. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तेव्हाचे हे काम. मग जेवण. कुळथाची पिठी, भात, फणसाची भाजी आणि सोलकढी जिथे एका ताटात मिळते अशी घरगुती खाणावळ शोधावी. सोलकढी गडद गुलाबी दिसली तर सावध व्हावे. आमसुलाचा आणि नारळाच्या दुधाचा मिळून येणारा रंग फिकट असतो.

साडेचारला भाट्ये. पूल ओलांडला की डाव्या-उजव्या बाजूला खाडी आणि पुढे दीड किलोमीटरची सरळ पुळण, कडेला सुरूचे बन. आज पाणी साडेपाचला तळाला जाते. पुलाकडून झरी विनायकाच्या देवळाकडे चालत सुटावे, वाळू कडक असते, पाय रुतत नाहीत. पाण्यात उतरायचे असेल तर ते देवळाच्या बाजूला आणि गुडघ्यापर्यंतच. पुलाजवळच्या खाडीच्या तोंडाशी अजिबात नाही: पौर्णिमेच्या ओहोटीला काजळीचे सगळे पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडत असते. वर शांत दिसते, खाली ओढ असते. सूर्य मावळताना पाठ फिरवली तर डोंगरामागून चंद्र वर येत असतो. पौर्णिमेला हे दोन्ही साधारण एकाच वेळी घडते आणि भाट्यावरून दोन्ही दिसतात.

तिसरा दिवस, प्रतिपदा: उत्तरेकडे

पेट्रोल शहरातच भरावे. गणपतीपुळ्याला जायला दोन रस्ते: निवळीवरून आतला, आणि शिरगाव, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे असा किनाऱ्याचा. किनाऱ्याचा पंचवीस किलोमीटरचा आहे आणि तोच घ्यावा, मात्र घाटीतली वळणे अरुंद असल्याने मोठ्या बसने नाही. सकाळी सातला निघून मध्ये न थांबता पुळे गाठावे. आरे-वाऱ्याला आत्ता थांबायचा मोह होतो, पण ती जागा संध्याकाळची आहे.

आठला गणपतीपुळ्यात पोचले की दर्शन लवकर होते. देव पश्चिमाभिमुख आणि स्वयंभू, म्हणजे डोंगरच देव, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला. वाट फरसबंद आहे, सुमारे एक किलोमीटर, अर्धा तास धरावा. अनवाणी चालायची इच्छा असेल तर हीच वेळ, अकरानंतर फरशी चटके देते.

आता समुद्राबद्दल. पुळ्याला दरवर्षी माणसे बुडतात आणि त्यांतली बरीच पोहता येणारी असतात. इथली पुळण भाट्यासारखी सपाट नाही, उतार तीव्र आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभे असताना लाट परतते, पायाखालची वाळू घेऊन जाते, आणि पुढच्या पावलाला तळ लागत नाही. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाजूला व्हावे आणि मग आत यावे. आज भरती साडेबारा-पाऊणला आहे आणि उधाणाची आहे, म्हणून दहा ते तीन इथे पाण्यात उतरण्याचा विचारच करू नये.

दोन किलोमीटरवर मालगुंड. १८६६ मध्ये केशवसुत जिथे जन्मले ते कौलारू घर आणि स्मारक. मागच्या बाजूला शिळांवर कोरलेल्या कविता आहेत. घाई केली तर वीस मिनिटे, वाचत बसले तर तास.

मालगुंडवरून जयगड अठरा-वीस किलोमीटर, रस्ता सड्यावरून. शास्त्री नदीच्या मुखावरचा हा किल्ला, खंदक आणि बुरूज चांगल्या अवस्थेत. वरून खाडीपलीकडे तवसाळ दिसते आणि तिकडे जाणारी फेरीबोटही. ज्यांना गुहागरकडे पुढे जायचे आहे त्यांनी इथून गाडीसकट तवसाळला उतरावे, संगमेश्वरचा मोठा वळसा वाचतो. फेरीची वेळ आधी धक्क्यावर विचारून मगच किल्ला बघायला जावे. एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ उन्हात बसावे लागते.

परतताना नांदिवड्याचा कऱ्हाटेश्वर. पायऱ्या उतरत उतरत थेट लाटांच्या कडेला देऊळ, आणि खाली गोमुखातून गोडे पाणी. समुद्राला खेटून गोडे पाणी कसे, याला चमत्काराची गरज नाही. पावसाळ्याचे सगळे पाणी वरच्या सड्याच्या जांभ्यात मुरते, खालच्या शेडी मातीच्या थरावर अडते आणि उतार तुटतो तिथे झरा होऊन बाहेर येते. कोकणातली कितीतरी देवळे अशा झऱ्यांवर बसलेली आहेत, कालची झरीही त्यातलीच. दुपारच्या भरतीला खालच्या पायऱ्यांवर लाटांचे पाणी उडते आणि शेवाळ धरलेले असते, तिथे मुलांचा हात सोडू नये.

पाच-सव्वापाचला वाऱ्याच्या घाटीत. आरे आणि वारे अशा दोन पुळणी, मध्ये डोंगराची सोंड, आणि रस्ता त्या सोंडेवरून. प्रसिद्ध फोटो सगळे या वळणावरचे. इथे गाडी वळणात उभी करू नये, पुढे रुंद जागा आहे, तिथे लावून शंभर पावले चालत यावे. मग आऱ्याच्या बाजूला खाली. सुरूच्या बनापलीकडे गाडी नेणाऱ्यांची हमखास फसते: वरची वाळू कोरडी आणि भुसभुशीत असते, चाक फिरवत राहिले की ते आणखी खोल जाते. फसलीच तर चाकांतली हवा निम्म्यावर आणावी, पुढची वाळू हाताने उपसावी, चाकाखाली झावळ्या घालाव्यात आणि दुसऱ्या गिअरवर हळू काढावी. अंधार पडण्याआधी शिरगावकडे लागावे.

चौथा दिवस, द्वितीया: दक्षिणेकडे

हा सगळ्यात मोठा दिवस आणि खरे सांगायचे तर सगळ्यात चांगलाही. पुळ्याची गर्दी इकडे नसते. पहाटे सहाला निघावे, कारण कशेळीचे कातळशिल्प तिरप्या उन्हातच दिसते. कोरीव काम काही सेंटीमीटरच खोल आहे. सूर्य खाली असताना खोदलेल्या रेषेत सावली भरते आणि आकृती उठून दिसते. अकरा वाजता तोच कातळ सपाट तपकिरी दिसतो आणि लोक ‘काहीच नाही’ म्हणून परत जातात.

भाट्ये, पावस, पूर्णगडचा पूल, गावखडी असे करत कशेळी सुमारे चाळीस किलोमीटर. गावात विचारत सड्यावर जावे. इथला हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर उंच, आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या. एवढे मोठे चित्र जमिनीवर उभे राहून एकदम दिसत नाही. सोंडेपासून सुरुवात करून कडेकडेने फिरावे, बाहेरची रेषा डोक्यात बसली की मगच आतले मासे-प्राणी शोधावेत. रेषांवर पाय देऊ नये, आणि फोटोसाठी खडूने तर मुळीच भरू नयेत. कोकणातल्या अशा नऊ जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या, त्यांत कशेळी आहे, रत्नागिरीजवळचे उक्षीही आहे.

खाली कनकादित्य. सूर्याची देवळे कोकणात मोजकी, त्यातले हे. मूर्ती सौराष्ट्रातून गलबतातून आली अशी कथा गावात सांगतात. देवळाकडे शिलाहारांचा ताम्रपट आहे. कौलारू सभामंडपातले लाकडी कोरीवकाम वर मान करून बघावे. पुढे देवघळीचा कडा: दोन कातळांच्या मध्ये चिमुकली पुळण. आज पाणी दीडपर्यंत चढत जाणार आहे, म्हणून साडेनऊ-दहाला वरूनच बघावे. खाली उतरले तर वाळू बघता बघता कमी होते.

परतीच्या वाटेवर गावखडी. सुरूचे बन, आणि माघ-फाल्गुनात समुद्री कासवांच्या अंड्यांचे संवर्धन. पिल्ले बाहेर आली असतील तर ती सकाळी किंवा संध्याकाळी सोडतात. येण्याआधी कासवमित्रांकडे चौकशी करावी, आणि सोडताना मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा, पिल्ले उजेडाकडे वळतात.

मुचकुंदी नदी ओलांडली की पूर्णगड. गावातून पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, दहा मिनिटांत वर. किल्ला इवलासा आहे, पाऊण तासात तटावरून फेरी होते. समुद्राकडचा दरवाजा चुकवू नये, त्याच्या चौकटीत निळे पाणी नेमके बसते.

बाराच्या आत पावसला. स्वामी स्वरूपानंदांचे (१९०३–१९७४) समाधिमंदिर. दुपारी खिचडीचा प्रसाद असतो, उशीर केला तर संपतो. इथे आवाज नको, मोबाइल बंद.

दोन-तीन तास सावलीत काढून साडेतीनला गणेशगुळे. ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ ही म्हण या गावची. सड्यावरचे देऊळ, जांभ्यात खोदलेली खोल बाव (विहीर), आणि खाली उतरले की जवळजवळ रिकामी पुळण. आज ओहोटी सातनंतर आहे, म्हणजे आपण पोचतो तेव्हा पाणी उतरू लागलेले असते आणि दर पंधरा मिनिटांनी किनारा रुंद होत जातो. खाण्यापिण्याचे फारसे काही मिळेल असे धरून चालू नये. पावसहून पाणी आणि केळी घेऊन यावीत, केळीची साले परत न्यावीत.

पाचवा दिवस, तृतीया

मासे न्यायचे असतील तर पहाटे मिरकरवाडा. साफ करून, न धुता, थर मासे-थर बर्फ असे थर्माकोलच्या खोक्यात, वरून चिकटपट्टी. धुतलेल्या माशाला गाडीत लवकर वास लागतो. खोक्याच्या तळाला एक जाड प्लास्टिकची पिशवी, नाहीतर वितळलेले पाणी शेजाऱ्याच्या बॅगेखाली जाते.

बाजारात आमसुले, काजू, फणसपोळी, आंबापोळी. आमसूल बोटात दाबून बघावे, लवचीक आणि किंचित ओलसर हवे. कडकडीत असले तर जुने. माघात कुणी ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून पेटी दाखवली तर दोनदा विचार करावा. झाडे तेव्हा मोहोरात किंवा कैरीत असतात, खरा हंगाम चैत्राकडे. अगदी पहिल्या पेट्या येतातही, पण त्यांची किंमत चवीची नसते, नवलाईची असते.

गाडीच्या वेळेआधी दीड तास शहर सोडावे. परतीची मांडवी गोव्याहून येते, तिला उशीर झालाच तर स्टेशनवर बसायला जागा आहे. मात्र वडापाव शहरातूनच बांधून न्यावा.